दारातून कचरा नेणारी ‘स्वच्छ’: सेवा चांगली, पण सोसायटीनेही आपलं काम करावं

पुण्यात दारावर येऊन कचरा नेणाऱ्या, ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंना महापालिका पगार देते, असं बऱ्याच सोसायट्यांना वाटतं. निम्मे वाद तिथूनच सुरू होतात. महापालिका पगार देत नाही. घरटी मासिक शुल्क आणि सुक्या कचऱ्यातलं भंगार विकून येतील ते पैसे, एवढीच त्यांची कमाई. शंभर घरांपैकी वीस घरांनी शुल्क थकवलं तर काम तेवढंच राहतं आणि शुल्काचा पाचवा हिस्सा बुडतो. भाडेकरू बदलला की हमखास हेच होतं. सोसायटीने शुल्क देखभाल खर्चात धरून एकत्र दिलं तर हा प्रश्न मिटतो.

सेवा म्हणून पाचपैकी चार गुण नक्की. ताई रोज दारापर्यंत येतात, जिना चढून येतात, आणि तीच व्यक्ती वर्षानुवर्षं येत असल्याने कुठल्या घरातून काय निघतं हे तिला पाठ असतं. घंटागाडीच्या मागे धावावं लागत नाही. उणीव वेळेची: फेरी सकाळची, त्यामुळे कामावर लवकर निघणाऱ्यांनी बादल्या दाराबाहेर ठेवाव्यात.

वर्गीकरण मात्र घरातच झालं पाहिजे. ओला कचरा पिशवीत न बांधता थेट बादलीत टाका. बांधलेली पिशवी ताईंना हाताने फाडावी लागते आणि आतल्या ब्लेडने बोट कापतं. दुधाची पिशवी विसळून सुक्यात टाका. कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, सुटा तुकडा कुणी वेचत नाही. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. फुटलेली काच खोक्यात घालून वेगळी हातात द्या. भाजीच्या रश्शात भिजलेला पुठ्ठा भंगारवाला घेत नाही, म्हणजे ताईंची ती कमाई गेली. वेफर्सच्या चकचकीत वेष्टनांनाही जवळपास भाव नसतो, तरी ती वाहून न्यावीच लागतात.

खाडा झाला तर आधी ताईंना विचारा, मग विभागाच्या समन्वयकाला फोन करा. बदली पाठवायची जबाबदारी त्यांची.

‘स्वच्छ’ ही संस्था कचरावेचकांच्याच मालकीची आहे. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. मालक नसलेल्या या कामगारांना तिने महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रं मिळवून दिली. तिच्यातूनच २००७ मध्ये ‘स्वच्छ’ झाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. पगार नाही, साहेब नाही, तर हातमोजे, ढकलगाडी, विमा आणि दर यांसाठी भांडायचं कुणाशी? महापालिकेशी, आणि तेही संघटना असेल तरच. कराराची मुदत संपत आली की काम ठेकेदाराकडे देण्याची भाषा सुरू होते. अशा वेळी ही सेवा हवी असलेल्या सोसायट्यांनी आपल्या नगरसेवकाला आणि क्षेत्रीय कार्यालयाला लेखी कळवावं, ठराव जोडून. सह्यांचा एक कागद पुरतो.