व्हिटसंडे बेटं: शिडाच्या बोटीवर दोन रात्री

ऑस्ट्रेलियातल्या एअर्ली बीचहून निघालो, चौदा पाहुणे. बोटीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. शाकाहारी असल्याचं आधी कळवूनही दोन्ही रात्री सॅलड-पावच! पिशवीतल्या लसणाच्या चटणीने लाज राखली; कॅप्टननेही दोनदा मागून घेतली. केबिन म्हणजे स्लीपरचा वरचा बर्थ, तोही पंख्याविना.

पण हुक बेटाच्या मँटा रे बेमध्ये पाण्यात तोंड घातलं आणि राग विरघळला. कपाळावर टेंगूळ आलेला निळा-हिरवा माओरी रॅस मासा अगदी शेजारून गेला. पोपटमासे प्रवाळ कुरतडतात तो कुरकुर आवाज पाण्याखाली चक्क ऐकू येतो! नोव्हेंबर ते मे जेलीफिशचा धोका, म्हणून अंगभर स्टिंगर सूट चढवायचा. ओला झाला की उतरवताना मात्र नवऱ्याला हाक मारावी लागते.