.३१५ चं ढिलं लाकूड, घासलेला बुश आणि माझे गेलेले बाराशे रुपये

आधी चांगलं तेवढं सांगून टाकतो, म्हणजे पुढची कटकट कुणाला आकसाची वाटणार नाही. रायफल .३१५ बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीला बोल्ट हातानं मागंपुढं करायचा अशी, वडिलांच्या माघारी माझ्या परवान्यावर आलेली. शेत बेळगाव जिल्ह्यात, जांबोटीच्या बाजूला. डुकरं आणि गवे आमच्याकडं पाहुण्यांपेक्षा जास्त वेळा येतात, पण गोळी झाडायची वेळ क्वचितच. कॅलिबर, मॅगझिन वगैरे वाचणाऱ्याला ठाऊक असणार. लोखंडाबद्दल माझी एका अक्षराची तक्रार नाही. तक्रार आहे लाकडाची, आणि त्याहून जास्त लाकडाला हात लावणाऱ्याची.

२०२४ च्या लोकसभेला १६ मार्चला आचारसंहिता लागली आणि नेहमीप्रमाणं रायफल ठाण्यात जमा झाली. आमचं मतदान ७ मेला, निकाल ४ जूनला, म्हणजे ऐन उन्हाळा तिनं कोरड्या खोलीत काढला. परत आणली तेव्हा पुढचं लाकूड हातात खुळखुळत होतं. अक्रोडाचं असलं तरी शेवटी लाकूडच, सुकलं की आकसणार. पुढचा गार्ड-स्क्रू (ट्रिगरखालच्या लोखंडी पट्टीचा, म्हणजे ट्रिगर-गार्डचा) पिळला तर तो एका जागी येऊन घट्ट थांबायचा, लाकूड मात्र ढिलंच.

एका दुकानात दाखवली. मिस्त्री म्हणाला, "करून देतो की हो, त्यात काय मोठं!" संध्याकाळी रायफल तयार. लाकूड एकदम टाइट. दस्त्यामागं, खांद्याला टेकतं त्या टोकाला, रबरी पॅडही बसवून दिलं. सगळे मिळून बाराशे. वर सल्ला फुकट: "ढिलं वाटलं की अर्धा आटा पिळायचा." तेव्हा मी चार जणांना त्याचा पत्ता दिला होता. हे लिहायला घेतलं असतं तर त्या पावसाळ्यात पाचातले साडेचार तारे दिले असते.

आमच्याकडचा पाऊस म्हणजे कणकुंबी-जांबोटीचा पाऊस. भिंतीवर बुरशी, तिथं लाकडाची काय कथा! लाकूड फुगलं, सगळं घट्ट राहिलं, ट्रिगर जरा लांब ओढावा लागायचा इतकंच. पण पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लाकूड पुन्हा ढिलं. सल्ल्याप्रमाणं पिळलं. पुन्हा थोडं पिळलं. आणि ट्रिगर हलका व्हायला लागला. सुरुवातीला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. हलका ट्रिगर म्हणजे चांगला ट्रिगर, असं आपल्याकडं सर्रास बोलतात.

आमचे मामा सैन्यात आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे होते. आयुष्य .३०३ आणि एसएलआर या सैन्याच्या रायफली उघडण्यात गेलं. सुट्टीला आलेल्या नातवंडांपेक्षा त्यांना बंदूक बघायची घाई. मॅगझिन काढून बाजूला ठेवलं, चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी बघितलं, बोटानं चाचपलं, नळी परसातल्या मातीच्या ढिगाकडं केली, बोल्ट बंद केला आणि दस्त्यावर तळहातानं एक थाप मारली. टक्. ट्रिगरला कुणी हातही लावला नव्हता आणि कॉकिंग पीस (बोल्टाच्या मागचा, फायरिंग पिनला जोडलेला तुकडा) पुढं जाऊन बसला होता. आत गोळी असती तर सुटली असती.

मामांनी पुन्हा कॉक केली, पुन्हा थाप, पुन्हा टक्. माझ्याकडं बघून म्हणाले, "गोळी भरून शेतात फिरतोस काय रे ही घेऊन?"

आता हे का झालं ते नीट सांगतो, कारण सगळी गोम इथंच आहे. आपली .३१५ ही ली-एनफिल्ड या इंग्रजांच्या जुन्या लष्करी रायफलीच्या वळणाची. या जुन्या रचनेत ट्रिगर बॉडीला (बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी भागाला) टांगलेला नसतो, तो ट्रिगर-गार्डमध्ये बसवलेला असतो. कॉकिंग पीसला अडवून धरणारा सिअर मात्र वर बॉडीत. दोघांच्या मध्ये काय? लाकूड. गार्डचा पुढचा स्क्रू लाकडातून वर जातो. म्हणजे लाकूड जितकं जाड, तितका ट्रिगर सिअरपासून लांब. लाकूड आकसलं किंवा दबलं की गार्ड वर सरकतो, ट्रिगर सिअरला आधीच ढकलून ठेवतो, आणि सिअर जेमतेम नखाएवढा अडकून राहतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ली-एनफिल्ड नंबर ४ मार्क २ मध्ये इंग्रजांनी ट्रिगर थेट बॉडीला टांगला तो याच भानगडीमुळं. जुन्या वळणात त्यावर उपाय म्हणून स्क्रूभोवती लोखंडी बुश, म्हणजे छोटी नळी, घालतात. स्क्रू कितीही पिळा, गार्ड बुशाला टेकून थांबतो, लाकूड चेचलं जात नाही. माझा स्क्रू एका जागी येऊन थांबत होता तो बुशामुळं. म्हणजे बुश त्याचं काम चोख करत होता!

मिस्त्रीनं काय केलं असेल? बुश कानशीला लावला. स्क्रू आणखी आत गेला, लाकूड टाइट झालं, गिऱ्हाईक खूश.

मामांनी ताणकाटा लावला. अशा रायफलीत ट्रिगर दोन टप्प्यांत ओढला जातो, त्याला दोन ओढे म्हणतात: पहिला ३ ते ४ पौंड, मग दुसरा ५ ते ६ पौंड. माझ्या रायफलीत पहिला ओढा गायब, आणि दुसरा दोन पौंडांच्या आत.

दुकानात गेलो. "तेव्हा बरोबर होती की!" पैसे परत नाहीत, चूक मान्य नाही, उलट सिअर झिजला असेल, नवा टाकूया म्हणाला. सिअरला ओरखडाही नव्हता.

मामांना हे काम डोळे मिटून जमलं असतं, पण ते करणार नाहीत. परवान्याशिवाय बंदूक दुरुस्त करणं १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टनं गुन्हा आहे, आणि या बाबतीत ते भाच्याचंही ऐकत नाहीत. कोल्हापुरात एक परवानावाला हात चांगला आहे असं ऐकलं होतं. पण माझ्या परवान्यावर क्षेत्र 'कर्नाटक'. सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटेल, तोवर माझी रायफल सीमेवरच्या कोगनोळीच्या पुढं जात नाही. मग हुबळी गाठली.

तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं पुढचं लाकूड उतरवलं, बुश चिमटीत धरून उजेडात फिरवला आणि पहिला प्रश्न: "इदन्न यार उज्ज्यार्री?" म्हणजे, हा कुणी घासला? बुशाची एक कड कारखान्याची गुळगुळीत, दुसऱ्या कडेवर कानशीचे तिरके ओरखडे, वर एका बाजूला उतार. कुणी घासला ते सांगितलं नाही, पण त्याला बहुतेक कळलं असावं.

काम त्यानं सावकाश केलं. लाकडाची मागची बाजू जिथं बॉडीला टेकून धक्का घेते तिथंही फट पडली होती. लाकूड तिथं टेकत नसेल तर दणका स्क्रूवर येतो आणि लाकूड चिरतं. त्या जागी कडक लाकडाचं ठिगळ घालून इपॉक्सीनं बसवलं, काजळी लावून लावून टेक जुळवली. नवा बुश घातला. ट्रिगर आणि सिअरला कानस लावलीच नाही, हे मला सगळ्यात आवडलं. नंतर काट्यावर दोन्ही ओढे जागेवर आले. थापा मारून बघितल्या, हलत नाही.

रबरी पॅडबद्दलचं मतही तिथंच बदललं. दणका कमी लागतो म्हणून मी खूश होतो, पण माझी उंची सव्वापाच फूट. पॅडनं दस्ता आणखी लांबला, घाईत खांद्याला लावताना काखेत अडकायचा, आणि सेफ्टी कॅचपर्यंत अंगठा नेताना रायफल खांद्यावरून उतरवावी लागायची. सैन्यातल्या .३०३ ला दस्ते आखूड, मध्यम, लांब असे अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या फरकानं मिळायचे, ते उगाच नव्हे. हुबळीवाल्यानं पॅड काढून दस्ता आखूड केला. तेही पुढचं लाकूड आधी उतरवून. जुन्या वळणात दस्त्याच्या बोल्टाचं चौकोनी टोक पुढच्या लाकडात अडकलेलं असतं, तसाच पिळला तर पुढचं लाकूड फाटतं.

बिल आलं पहिल्याच्या तिपटीहून जास्त. पावती मिळाली, नोंद झाली. पैसे जास्त वाटले, अजूनही वाटतात, पण त्याचा राग हुबळीवाल्यापेक्षा पहिल्या मिस्त्रीवर जास्त आहे.

त्यानंतर एक पूर्ण पावसाळा आणि हिवाळा गेला. पावसाळ्यात पहिला ओढा किंचित लांबतो, बस. दर महिन्याला रिकामी करून, चेंबर बघून, नळी मातीकडं करून थाप मारून बघतो. तुमच्या रायफलीत ट्रिगर आपोआप हलका होत असेल तर खूश होऊ नका, गोळी न भरता थेट परवानावाल्याकडं न्या. आणि बुश घासतो म्हणाला तर रायफल तिथून उचला.

जिल्हा पंचायतीच्या निवडणुका रखडल्यात, त्या लागल्या की पुन्हा ठाणं आहेच. या वेळी जमा करण्याआधी गार्ड-स्क्रूच्या खाचेसमोर बायकोच्या नेलपेंटचा ठिपका देऊन ठेवलाय, मध्ये कुणी पिळला तर कळेल. रंग लाल मिळाला नाही, गुलाबी आहे. मामांना अजून दाखवलेला नाही.