'जय हिंद साहेब' म्हणत २७,७०० रुपये नेले

आधी कामाचं सांगतो, मग माझं रडगाणं. ईसीएचएस म्हणजे आम्हा माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना. तिच्या रेफरलला, म्हणजे बाहेरच्या हॉस्पिटलात पाठवायच्या चिठ्ठीला, एक पैसा लागत नाही. योजनेच्या यादीतल्या हॉस्पिटलात मोतीबिंदूचं ऑपरेशन कॅशलेस होतं. 'फाइल सरकवायची', 'सँक्शन आणायचं', 'लेन्सचा फरक' असलं काही कानावर आलं की समोरचा माणूस चोर समजा, मग तो सॅल्यूट कितीही कडक मारो.

हे मला माहीत नव्हतं असं नाही, म्हणून तर जास्त चीड येते. मी इन्फंट्रीत क्लार्क होतो, सुभेदार म्हणून बाहेर पडलो. पार्ट टू ऑर्डर, पेन्शनचे कागद, वारसांची नावं यातच आयुष्य गेलं. कोऱ्या कागदावर सही करू नका म्हणून नव्या पोरांना दम देणारा मीच. पुढे काय झालं ते वाचून हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

हिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता. तांदूळ निवडले तरी भातात खडा लागायचा, संध्याकाळी समोरून गाडी आली की हिला दिव्याभोवती नुसती वर्तुळं दिसायची. आमच्या पॉलिक्लिनिकला, म्हणजे ईसीएचएसच्या दवाखान्याला, डोळ्यांचा डॉक्टर नाही. एमओ (मेडिकल ऑफिसर) बघतात आणि बाहेर रेफर करतात. आम्ही गेलो त्या दिवशी सिस्टम बंद होती, 'उद्या या' म्हणाले. गावाहून एसटीने आलेल्या माणसाला 'उद्या या' म्हणजे काय, ते खिडकीच्या आत बसलेल्यांना कळत नाही. असल्या वेळेचीच हे लोक वाट बघत असतात.

फाटकाबाहेर तो भेटला. चाळिशीचा, बारीक केस, चकचकीत बूट, काखेत पारदर्शक फोल्डर, त्यात दुसऱ्यांच्या कार्डांच्या झेरॉक्स. "जय हिंद साहेब. मी पण आपलाच, सिग्नल्स, जबलपूर." सिग्नल्सचं ट्रेनिंग सेंटर जबलपूरला आहे हे तर शाळकरी पोरगंही सांगेल! डिस्चार्ज बुक दाखव म्हणालो असतो तर तिथेच निकाल लागला असता. पण आपल्यात 'मी पण आपलाच' म्हटलं की माणूस ढिला पडतो, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक असतं.

मोतीबिंदू पिकलाय, उशीर केला तर डोळा जाईल, असं त्याने हिच्याकडे नुसतं बघून सांगितलं. फाइलचे ३,२०० रोख घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी रेफरल हातात आलं, आणि मला वाटलं माणूस कामाचा आहे. अहो, ते तसंही येणारच होतं! सिस्टम सुरू झाली, कार्ड लागलं, एमओंनी तपासलं, रेफरल निघालं. त्यात त्याचा वाटा शून्य.

मग लेन्स. "साहेब, सरकारी लेन्स घातली तर दोन वर्षांत धूसर होते. बाहेरची घालू, फरक फक्त १८,५००." हे यूपीआयने दिले. स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्याशा मोबाइल रिपेअरच्या दुकानाचं. "मेव्हण्याचं खातं आहे, माझं केवायसी अडकलंय" म्हणे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये आणखी ६,००० 'डिपॉझिट', बिल पास झालं की परत. म्हणजे एकूण २७,७००. पावती एकाचीही नाही.

ऑपरेशन नीट झालं, डॉक्टरांच्या हाताला नाव ठेवणार नाही.

पण डिस्चार्जचा तो काउंटर डोळ्यांसमोरून हलत नाही. तिथल्या मुलीने तीन कागद पुढे सरकवले. एक बिलाचा. खाली 'रुग्ण किंवा नातेवाईक यांची सही', पेन्सिलने फुली मारून ठेवलेली, आणि वर रकमेचा रकाना कोरा. लेन्सच्या ओळीपुढेही काही नाही. मी पेन टेकवलं आणि थांबलो. "रक्कम?" "सर, ती नंतर सिस्टममधून येते." शेजारी तो: "साहेब, करा हो, रिक्षा खाली उभी आहे, काकूंना उन्हात नको." ही डोळ्यावर प्लास्टिकची जाळी लावून भिंतीला धरून उभी. मी सही केली. तिन्ही कागदांवर. त्या जागी तुम्हीही केली असती, आणि नसती केली म्हणणाऱ्यांनी डोळ्याला पट्टी बांधलेलं माणूस घेऊन एकदा त्या काउंटरवर उभं राहून बघावं.

पुढे कोर्सचा एक जोडीदार भेटला. त्याच हॉस्पिटलात, तेच ऑपरेशन, खर्च शून्य. तेव्हा उलगडलं. हॉस्पिटलने लेन्ससकट पूर्ण बिल ईसीएचएसकडे लावलं होतं, माझ्याच सहीने. लेन्सच्या डबीवर स्टिकर असतो, तो बिलाला जोडतात. हुज्जत घालून त्याची झेरॉक्स मिळवली. साधी फोल्डेबल, मोनोफोकल. ऑपरेशनच्या दिवशीच त्या स्टिकरचा फोटो मागून घ्या. महागडी लेन्स तुम्हाला स्वतःलाच हवी असेल, तर पैसे हॉस्पिटलच्या काउंटरवर, लेखी, त्यांच्या छापील पावतीवर. पार्किंगमध्ये कसली लेन्स विकतात?

आता साहेब लोकांची कहाणी ऐका.

हॉस्पिटल म्हणतं, तो आमचा माणूस नाही. मग तुमच्या काउंटरपाशी उभा राहून तो सह्या कशा करून घेत होता? पॉलिक्लिनिकचा क्लार्क म्हणाला, "रेफरल मिळालं ना? ऑपरेशन झालं ना? मग तक्रार कसली?" तिथल्या ओआयसींनी, म्हणजे प्रमुख अधिकाऱ्यांनी, लेखी मागितलं, दिलं, पोच मागितली तर कपाळाला आठ्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय म्हणालं, ईसीएचएस आमच्याकडे येत नाही. ते राज्य सरकारचं, ईसीएचएस संरक्षण मंत्रालयाचं, हे मला शिकवायला नको. पण माजी सैनिकाला बसा म्हणायलाही वेगळं मंत्रालय लागतं का? ठाण्यातला हवालदार म्हणाला, "तुम्ही स्वतःहून दिलेत, ओटीपी कुणी घेतला नाही, मग यात सायबर काय?" बँकेचंही तेच. ऑनलाइन तक्रार केली तर ती फिरून त्याच पॉलिक्लिनिककडे आली आणि 'निकाली' म्हणून बंद झाली. निकाल काय लागला ते मलाच कळवलं नाही.

आणि हे काही फुकटचं मागतोय का आम्ही? ही योजना १ एप्रिल २००३ ला सुरू झाली, ती नावातच अंशदायी आहे. आज जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) निवृत्त होतो तेव्हा ६७,००० रुपये वर्गणी भरतो, हवालदारापर्यंतचे ३०,०००. पैसे भरून रांगेत उभं राहायचं, आणि रांगेतही लुटून घ्यायचं.

तुमचे पैसे यूपीआयने गेलेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तर आले. मी लाजेपायी गप्प बसलो, तोवर खातं रिकामं झालं होतं.

आमच्या शेजारच्या नाईक साहेबांना त्याच माणसाने १,१०० रुपयांत ७० वर्षांवरच्यांचं आयुष्मान कार्ड काढून देतो म्हणून गाठलं होतं. "दोन्ही कार्डं चालवून देतो" म्हणे. ते कार्ड फुकट निघतं, आणि ईसीएचएसवाल्याला दोन्हींतलं एकच निवडायचं असतं. नाईक शहाणे, पैसे दिले नाहीत. तेव्हा मी त्यांना संशयी म्हणालो होतो.

कार्ड कुणाच्या हातात देऊ नका. झेरॉक्स दिलीच तर तिच्यावर कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिली ते आडवं लिहा. हॉस्पिटल यादीत आहे एवढ्यावर जाऊ नका, डोळ्यांसाठी आहे का तेही विचारा. मान्यता विभागवार असते. आणि यादीतलं कोणतं हॉस्पिटल घ्यायचं ते तुम्ही ठरवा, फाटकावरच्या माणसाने नाही.

हिच्या उजव्या डोळ्याचंही करायचंय. रेफरल मी स्वतः काढलं, हॉस्पिटल दुसरं घेतलं. तो अजून फाटकाबाहेर असतो, मला बघून रस्ता ओलांडतो. फोल्डर तेच. ज्यांनी ज्यांनी त्याला पैसे दिलेत त्यांनी यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन माझ्याकडे यावं. एकट्याचा अर्ज फायलीत गेला, आता सगळ्यांच्या सह्यांचा थेट ईसीएचएसच्या रीजनल सेंटरला द्यायचा आहे. मसुदा मी टाइप करून ठेवलाय, रकमेचे रकाने भरून.