संगीत की शिक्षण: पोट कशावर भरतं?

पदवीमुळे नोकरीच्या अर्जाची निदान पहिली चाळणी तरी पार होते. गाण्याचं तसं नाही. स्पॉटिफायवर 2024 पासून एखादं गाणं मागच्या बारा महिन्यांत किमान 1,000 वेळा ऐकलं गेलं नसेल, तर रेकॉर्डिंगच्या रॉयल्टीत ते धरलंच जात नाही. म्हणून बरेच वादक शिकवण्या, साथसंगत, जिंगल्स यांवर घर चालवतात (आणि त्यात कमीपणा कसला?). उलट बाजूही आहे: पदवी उशिरा घेता येते, पण हात आणि कान लवकर तयार झालेले बरे. माझं विचाराल तर ध्वनिमुद्रण किंवा संगीतशिक्षणाची पदवी घ्यावी, रियाज चालू ठेवावा. फीसाठी कर्ज काढायचं असेल, तर आधी महिन्याला किती कार्यक्रम मिळतात ते मोजा.