ग्रंथालयाची साहित्यशोध कार्यशाळा : शिकवणी उत्तम, वेळेचे गणित चुकलेले

मध्य मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी घेतलेल्या साहित्यशोध, म्हणजे संशोधनलेख शोधण्याच्या, कार्यशाळेला मी शिक्षक म्हणून पूर्ण वेळ बसले. अशा कार्यशाळा बहुतेक ठिकाणी पडद्यावर संकेतस्थळांची यादी दाखवून उरकल्या जातात. इथे मात्र सुरुवातीला बराच वेळ कोणालाही संगणकाला हात लावू दिला नाही, आणि हेच मला सर्वांत आवडले.

त्या वेळात ग्रंथपालबाईंनी एकच प्रश्न हाती घेतला. पावसाळ्यात हिंदमाता परिसरात पाणी तुंबले की त्यातून चालून आलेल्यांना लेप्टोस्पायरोसिस हा दूषित पाण्यातून होणारा जिवाणूजन्य आजार होऊ नये म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक घ्यावे, असे महापालिका सांगते. ही सूचना विद्यार्थ्यांना पाठ असते. तिच्यामागचा पुरावा विचारला की वर्ग गप्प होतो. रुग्णगट कोणता, उपचार कोणता, तुलना कशाशी आणि कोणता परिणाम मोजायचा, अशा ‘पिको’च्या चार रकान्यांत प्रश्न मांडून झाल्यावरच पबमेड ही वैद्यकीय संशोधनलेखांची ऑनलाइन सूची उघडली गेली.

पबमेडमध्ये साडेतीन कोटींहून अधिक नोंदी असल्यामुळे सुचेल तो शब्द टाकून भागत नाही. ‘मेश’ या प्रमाणित शब्दसूचीतून योग्य संज्ञा निवडणे, समानार्थी शब्द ‘ऑर’ने जोडून कंसात घालणे आणि असे गट ‘अँड’ने बांधणे, हे सारे विद्यार्थ्यांनी स्वतः केले. मेश संज्ञा न लागलेल्या नोंदीही तिथे असतात, म्हणून शीर्षक व सारांशातील शब्दांचाही शोध घ्यावा लागतो, हा बारकावा आमच्यातल्या अनेक प्राध्यापकांच्याही गावी नसतो.

शोधातून जे हाती लागले ते पाहण्यासारखे होते. 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पनामात प्रशिक्षण घेणाऱ्या 940 अमेरिकी सैनिकांपैकी डॉक्सीसायक्लिन घेणारा एकच आजारी पडला, तर प्लासिबो (औषध नसलेली दिखाऊ गोळी) घेणारे 20. अंदमानातील 2000 सालच्या चाचणीत मात्र संसर्ग घटला नाही, प्रत्यक्ष आजार तेवढा कमी झाला. दोन्हीकडे औषध दर आठवड्याला दिले जात होते. ‘‘पण मॅडम, आपला माणूस तर एकदाच गुडघाभर पाण्यातून घरी आलेला असतो,’’ असे एक विद्यार्थिनी म्हणाली. पुरावा आपल्या रुग्णाला लागू पडतो का, हा खरा प्रश्न तिने नेमका पकडला होता. त्यावर सविस्तर चर्चा व्हायला हवी होती. पण संदर्भ साठवण्याचे ‘झोटेरो’ शिकवायचे राहिले आहे म्हणून विषय तिथेच आटोपला. झोटेरो मोफत आहे आणि त्याची माहिती एका पानाच्या टिपणातही मावली असती. शिवाय लेखाचे मूल्यमापन ग्रंथपालांनी एकट्यांनी करावे ही अपेक्षाच चुकीची आहे. त्यासाठी औषधशास्त्र किंवा जनऔषधवैद्यक (कम्युनिटी मेडिसिन) विभागाचा एखादा शिक्षक शेजारी उभा हवा.

चॅटबॉटने दिलेले संदर्भ पबमेडवर पडताळून पाहण्याचा सराव छोटा असला तरी नेमका होता.

पूर्ण लेख मिळवण्याचा भाग मात्र घाईत उरकला गेला. 1 जानेवारी 2025 पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत सरकारी उच्च शिक्षण संस्थांना सुमारे 13,000 नियतकालिके खुली झाली आहेत, एवढे सांगितले गेले. पुढे खासगी रुग्णालयात नोकरी लागल्यावर हा दरवाजा बंद होऊ शकतो आणि तेव्हा पबमेड सेंट्रलसारखे मुक्त स्रोतच हाताशी उरतात, हे कोणी बोलले नाही.

सर्वांत मोठी तक्रार वेळेची आहे. कार्यशाळा अंतर्गत परीक्षेच्या तोंडावर ठेवल्याने निम्मा वर्ग मनाने तिथे नव्हता, आणि तेव्हा कोणाच्याही हातात स्वतःचा प्रकल्प नव्हता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) अल्पकालीन विद्यार्थी संशोधनवृत्तीचे प्रस्ताव लिहिण्याच्या दिवसांत हीच कार्यशाळा ठेवली, तर विद्यार्थी स्वतःचा प्रश्न घेऊन येतील. तोवर ज्यांचा विषय ठरला आहे त्यांनी ग्रंथपालबाईंची वेगळी वेळ मागून घ्यावी. त्या आनंदाने देतात आणि शोधाची पूर्ण मांडणी तपासूनही देतात.