टायफस: उवांचा आणि गवतातला

नाव ऐकून टायफॉइड आठवतो, पण त्याचा इथे संबंध नाही. टायफसचेच दोन प्रकार पाहू.

उवांमुळे पसरणारा टायफस म्हणजे युद्धं, तुरुंग, निर्वासितांच्या छावण्या. १८१२ मध्ये नेपोलियनच्या सैन्याला रशियात त्यानंही पोखरलं. ट्युनिसमधल्या डॉक्टर शार्ल निकोल यांच्या लक्षात आलं की रुग्णाला आंघोळ घालून त्याचे कपडे बदलले, की वॉर्डात इतरांना लागण होत नाही. म्हणजे दोषी कपड्यांच्या शिवणीतली ऊ! (डोक्यातली नव्हे.) १९२८ चं नोबेल त्यांना टायफसवरच्या या कामासाठीच मिळालं. आज हा आजार क्वचित दिसतो.

आपल्याला खरी काळजी स्क्रब टायफसची. २०१८ मध्ये विदर्भाने तो अनुभवलाय. गवता-झुडपांतल्या चिगर माइटची (गोचिडासारख्या बारीक जीवाची) अळी चावते. ती इतकी बारीक की कळतही नाही. पावसाळा सरता सरता ताप, डोकेदुखी, आणि डेंग्यू-मलेरियाचे रिपोर्ट मात्र निगेटिव्ह! अशा वेळी काखेत, जांघेत, कमरेपाशी काळी खपली शोधावी. सिगारेटचा चटका बसल्यासारखी दिसते, पण दुखत नाही, म्हणून रुग्ण सांगतच नाही. खपली नसली तरी आजार नाही असं मात्र नव्हे.

औषध दोन्हींवर तेच, डॉक्सिसायक्लिन. पेनिसिलिनचा दोन्हीकडे उपयोग शून्य.