एलिंग्टन : २४ सीडी की ३?

अमेरिकन जॅझ संगीतकार आणि वाद्यवृंदप्रमुख ड्यूक एलिंग्टनचा, आरसीए व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीचा शताब्दी संच (१९९९) २४ सीडींचा, १९२७ ते १९७३ पर्यंतचा. ‘नेव्हर नो लॅमेंट’ (२००३) तीन सीडींचा, ७५ ट्रॅकचा, फक्त १९४०–४२ चा.

मोठा संच ‘संपूर्ण’ म्हणवतो, पण तो एकाच कंपनीचा आहे. १९३० च्या दशकातला मोठा काळ ब्रन्सविक-कोलंबिया या दुसऱ्या कंपन्यांकडे, १९५६ ची न्यूपोर्ट जॅझ महोत्सवातली मैफलही कोलंबियाकडेच, त्यामुळे हे यात नाहीच. शिवाय एकाच गाण्याचे पर्यायी टेक (त्याच वेळी पुन्हा वाजवून घेतलेली रेकॉर्डिंग) बरेच आहेत. सलग ऐकलं की कान कंटाळतात. आधी मूळ टेकची प्लेलिस्ट करून घ्यावी. मात्र एलिंग्टनचा सहसंगीतकार बिली स्ट्रेहॉर्न याच्या निधनानंतरचं १९६७ चं रेकॉर्डिंग किंवा ‘फार ईस्ट स्वीट’ ही अनेक भागांची रचना या दोन संचांपैकी याच मोठ्या संचात आहे. १९६३ च्या दौऱ्यात वाद्यवृंद भारतात, मुंबईतही आला होता. त्या स्वीटमधला ‘आग्रा’ त्याचीच आठवण.

छोट्या संचात जिमी ब्लँटनचा बास आणि बेन वेबस्टरचा टेनर सॅक्सोफोन आहे. त्या काळच्या ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, म्हणून ‘को-को’ या रचनेत एक ठोकाही वाया जात नाही. मोबाइलच्या स्पीकरवर ब्लँटन ऐकूच येणार नाही, हेडफोन घ्या.

जुना घेताना वर्ष तपासा: याच काळातल्या रेकॉर्डिंगचा १९८६ चा ६६ ट्रॅकचा संच वेगळा, त्याच्या ध्वनीवर बरीच टीका झाली. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने तीन सीडीच घ्याव्यात.